न दुखणारा हात

(माहूर येथे रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवसभर रानात राबून तुम्ही रात्री पाटी-पुस्तक घेऊन इथे येता. घरी निजायचे सोडून शिकायला बसता. अशा माणसांपुढे बोलायला उभे राहताना माझ्यासारख्या जुन्या मास्तरालाही जरा भान ठेवून बोलावे लागते. म्हणून आज पुस्तकी बोलणार नाही. तुमच्या-माझ्या अंगात रोज जे घडते तेच सांगणार आहे.

चैत्र-वैशाखाचे दिवस आठवा. भर दुपारची वेळ. गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला माणसे अनवाणी निघाली आहेत. पायरीचा दगड तापून तव्यासारखा झालेला. मग काय होते? म्हातारा असो, पोर असो, जो तो उड्या मारीत सावली गाठतो. कोणी "आई गं" म्हणतो, कोणी हसतो. पण त्या गर्दीत एखादा असा असतो की तो उडी मारीत नाही. सावकाश चालतो. आपण म्हणतो, "काय भक्ती आहे बघा! याला चटका लागत नाही." संध्याकाळी त्याच्या तळव्याला फोड आलेले असतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मंडळी, चटका न लागणे हे भाग्य नव्हे. ते फार मोठे दुर्दैव आहे. ते दुर्दैव कशाने येते आणि कसे टाळता येते, हाच आजचा विषय.

आधी चटका लागतो म्हणजे काय होते ते पाहू.

भाकरी थापणाऱ्या मायबहिणींना हे चांगले ठाऊक आहे. तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. "अगं बाई, भाजलं" हे शब्द नंतर येतात. आधी हात मागे, मग बोलणे. असे का होते?

आपल्या कातडीत बारीक बारीक टोके पसरलेली आहेत. कुठले टोक ऊन-थंड ओळखते, कुठले नुसता स्पर्श ओळखते, कुठले दुखणे ओळखते. या टोकांपासून धागे निघतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. आपण बोलताना 'नस' म्हणतो, पण रक्त वाहते तीही नसच म्हणतो. म्हणून घोटाळा होतो. रक्ताची नस ही पाण्याच्या नळासारखी आहे, पोकळ आहे. मज्जातंतू हा तारेसारखा आहे. त्यातून रक्त जात नाही, निरोप जातो.

पूर्वी पोस्टात तार यायची. कड्कट् कड्कट् वाजायचे, आणि दूरच्या गावची बातमी आपल्या गावी यायची. ती तार सरकारने 2013 साली बंद केली. पण अंगातली तार माणूस जिवंत आहे तोवर बंद होत नाही.

हा निरोप जातो कसा? आपल्या अंगात मीठ आहे. घाम चाटून पाहा, डोळ्यांतले पाणी चाटून पाहा, खारट लागते. त्या मिठाचे अगदी सूक्ष्म कण तंतूच्या आत आणि बाहेर असतात. त्यांच्यावर विजेचा अगदी थोडा भार असतो. टोकाला चटका लागला की तंतूची बारीक दारे उघडतात, बाहेरचे कण आत घुसतात. त्याने शेजारचे दार उघडते, मग त्याच्या शेजारचे. जत्रेत रांगेतल्या मागच्या माणसाने धक्का दिला की तो धक्का पुढे पुढे जात पहिल्या माणसापर्यंत पोचतो. माणूस जागेवरच असतो, धक्का तेवढा पुढे जातो. तसेच हे आहे. एक तंतू संपला की त्याच्या टोकातून रसाचे बारीक थेंब सुटतात, ते पुढच्या तंतूला जाऊन लागतात, आणि तिथून निरोप पुढे निघतो.

सगळ्या तारांचा वेग सारखा नसतो. स्पर्शाचा निरोप एका सेकंदात पन्नास मीटरांच्या घरात धावतो. ठणक्याचा निरोप मात्र सेकंदाला एक-दोन मीटर एवढाच चालतो. पटत नसेल तर आठवून पाहा. अंधारात पायाला ठेच लागली की आधी कळते की काहीतरी लागले. क्षणभर आपण वाट पाहतो, आणि मग कळ येते. आधी एक्सप्रेस आली, मागून बैलगाडी आली.

हे सगळे निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातात, तिथून मेंदूकडे. पण तव्याच्या चटक्यासारखी घाईची गोष्ट असेल तर मज्जारज्जू मेंदूची वाट पाहत नाही. घराला आग लागली तर कोतवाल तहसीलदाराचा हुकूम येईपर्यंत थांबेल काय? तो आधी घागर उचलील, कळवील मागून. मज्जारज्जू हाताला परस्पर हुकूम देतो, "मागे हो!" म्हणून हात आधी हलतो आणि "भाजलं" हे मागून कळते.

डोळा, कान, नाक, जीभ आणि कातडी ही आपली पाच ज्ञानेंद्रिये. डोळ्याला उजेड कळतो, कानाला आवाज, नाकाला वास, जिभेला चव. सगळ्यांचे निरोप तारेनेच मेंदूकडे जातात. माणूस आंधळा झाला तर आपल्याला दिसते, बहिरा झाला तर कळते. पण कातडी बहिरी झाली तर शेजाऱ्यालाही कळत नाही, आणि कधी कधी त्या माणसालासुद्धा कळत नाही. म्हणून ती सगळ्यांत फसवी.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

1984 साल असेल. मी नवा नवा मास्तर होतो. डोंगरातल्या एका वस्तीवरच्या शाळेत होतो. तेव्हा मास्तर म्हटले की हातात छडी असायचीच. आज कायद्याने छडीला बंदी आहे आणि ते फार चांगले झाले. तिसरीत एक मुलगा होता. अक्षर चांगले होते त्याचे, पण हळूहळू बिघडू लागले. पेन्सिल हातातून गळायची. मला वाटले, लक्ष नाही लेकराचे. एक दिवस मी त्याला हात पुढे करायला सांगितला आणि छडी मारली. त्याने हात मागे घेतला नाही. डोळ्यांत पाणी नाही, तोंडावर काही नाही. मी आणखी एक मारली. तो म्हणाला, "गुरुजी, लागतच नाही."

मला वाटले, पोरगे उर्मट आहे. मी आणखी मारले.

दोन-तीन महिन्यांनी त्या वस्तीवर सायकलवरून महारोग तपासणारे आरोग्य कर्मचारी आले. त्यांनी शाळेतली मुले ओळीने उभी केली, सदरे काढायला लावले. या मुलाच्या दंडावर एक फिकट चट्टा निघाला. कर्मचाऱ्याने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि अंगाला हळूच टोक लावून विचारले, "कुठं लागलं ते बोटानं दाखव." दुसऱ्या ठिकाणी लावले की तो बरोबर दाखवी. चट्ट्यावर लावले की गप्प उभा राही. मग कर्मचाऱ्याने त्याच्या कोपराच्या मागे चाचपले आणि मला म्हणाले, "गुरुजी, इथं बोट लावून बघा." मी बोट लावले. कातडीखाली दोरीसारखी जाड शीर लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट थोडे वाकडे झाले होते. तळहाताच्या कडेला भाजल्याचा जुना डाग होता. त्याची आई म्हणाली, "तव्याला हात लावून बसला व्हता, मलाच वास आला तव्हा कळलं."

तेव्हा मला कळले की मी कोणत्या हातावर छडी मारली होती.

मंडळी, हा रोग म्हणजे कुष्ठरोग. जुन्या माणसांच्या बोलण्यात महारोग, रगतपिती. नाव काढले की माणसे कानांवर हात ठेवतात. पण रोग काय आहे ते समजून घेतले तर भीती निम्मी कमी होते.

तुमचे कोपर कधी भिंतीला आपटले असेल. करंगळीपर्यंत कशा झिणझिण्या जातात! कारण तिथे एक मज्जातंतू हाडाला लागून, अगदी कातडीखालून जातो. कुष्ठरोगाच्या जंतूला गार जागा आवडते. कातडी, नाक, कानाच्या पाळ्या आणि असे वरवरून जाणारे मज्जातंतू, या त्याच्या राहण्याच्या जागा. कोपराजवळ, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या मागे आणि चेहऱ्यावर. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते तसे मज्जातंतूलाही वेष्टन असते. हा चोर नेमका त्या वेष्टनात जाऊन लपतो.

कोपराची तार गेली की करंगळीची बाजू बधीर होते आणि बोटे वाकतात. गुडघ्याजवळची गेली की पाऊल लुळे पडते, माणूस चालताना पाय फरपटतो. घोट्याजवळची गेली की तळवा बधीर होतो. चेहऱ्याची गेली की डोळ्याची पापणी मिटत नाही. डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही, आणि तसेच चालू राहिले तर दृष्टी जाते.

हा जंतू 1873 साली नॉर्वे देशातल्या डॉ. हान्सेन यांनी शोधून काढला. त्याआधी माणसे म्हणत, हा देवाचा कोप आहे, मागच्या जन्मीचे पाप आहे, बापाकडून लेकाला येतो. हान्सेन यांनी दाखवून दिले की हा जंतूचा रोग आहे. जंतूला पाप-पुण्य ठाऊक नाही, जात ठाऊक नाही, श्रीमंत-गरीबही ठाऊक नाही.

हा जंतू फार आळशी आहे. साध्या जुलाबाचे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून जंतू अंगात शिरल्यावर रोग दिसायला चार-पाच वर्षे लागतात, कधी वीसही.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, जंतू शिरला तर आपलं अंग काय झोपलेलं असतं?" चांगला प्रश्न आहे. आता पहारेकऱ्यांची गोष्ट ऐका.

आपले अंग म्हणजे एक किल्लाच समजा. आपल्या माहूरला किल्ला आहे, तेव्हा हे सांगायला सोपे. कातडी हा तट. नाकातले केस, शेंबूड, थुंकी, डोळ्यांतले पाणी हे दरवाजावरचे शिपाई. तट फुटला, म्हणजे काटा रुतला किंवा खरचटले, तर जंतू आत येतात. आत रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रक्ताच्या एका थेंबात त्या लाखांनी मोजाव्या लागतील. त्यांतल्या काही रोजची गस्त घालतात. परका दिसला की त्याला गिळून टाकतात. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ती लढाई असते. पू येतो तो बराचसा लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच असतो. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, कारण तिथे या फौजेची चौकी आहे.

दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त हुशार. त्या चोराचा चेहरा ओळखून ठेवतात. एकदा गाठ पडली की वर्षानुवर्षे विसरत नाहीत. लस टोचतात ती यासाठीच. मेलेला किंवा दुबळा केलेला चोर, नाहीतर त्याचा नुसता अंगरखा, पहारेकऱ्यांना आधीच दाखवून ठेवायचा. इथे जी वयस्कर मंडळी बसली आहेत त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असेल. त्या लशीनेच देवीचा रोग जगातून गेला. भारतातला शेवटचा रोगी 1975 साली सापडला, आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की देवी आता जगात कुठेही नाही.

कुष्ठरोगाच्या जंतूपुढे बहुतेकांचे पहारेकरी पुरे पडतात. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांना हा रोग जडतच नाही, कितीही जंतू आले तरी. आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांनी कोलकात्याला प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात हे जंतू टोचून घेतले होते. त्यांना रोग झाला नाही. वर्षानुवर्षे ते रोग्यांच्या जखमा धूत राहिले, तरी झाला नाही.

उरलेल्या थोड्यांना हा रोग होतो. औषध न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातून जंतू बाहेर पडतात, आणि त्याच्याजवळ पुष्कळ काळ राहणाऱ्याला लागू शकतात. हात मिळवल्याने, शेजारी जेवायला बसल्याने, एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही.

रोग झालेल्यांतही दोन तऱ्हा असतात. ज्याचे पहारेकरी बरे लढतात त्याच्या अंगावर एक-दोन ते पाच चट्टे येतात, जंतू फार थोडे असतात. ज्याचे पहारेकरी चोराला ओळखतच नाहीत त्याच्या अंगभर जंतू पसरतात. चट्टे पुष्कळ, कातडी तेलकट व जाड, कानाच्या पाळ्या सुजलेल्या. हा दुसरा माणूस दुखत-खुपत नाही म्हणून घरी बसून राहतो.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. चोर तारघरात लपला आहे. पहारेकरी त्याला मारायला आत घुसतात आणि काठ्या चालवतात. चोर मरतो, पण काठ्या तारांवरही पडतात. तंतू सुजतो, आवळला जातो, आणि निरोप बंद पडतो. म्हणजे पुष्कळदा तंतूचे नुकसान जंतूपेक्षा या मारामारीनेच होते. औषध चालू असताना किंवा संपल्यावरही कधी कधी चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपर किंवा गुडघा ठणकतो, हाताची ताकद कमी होते. तेव्हा माणूस म्हणतो, "गोळ्यांनीच वाढलं", आणि गोळ्या फेकून देतो. असे करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ही मारामारी थंड करणारे औषध आहे. ते वेळेवर मिळाले तर तंतू वाचतो. उशीर झाला तर गेलेली तार बहुधा परत जोडली जात नाही.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. महारोग्याची बोटे झडतात, हे खरे काय?

याचा शोध घेणारे एक डॉक्टर होते, पॉल ब्रँड. 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात त्यांचा जन्म झाला. पुढे ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हाडांचे शस्त्रवैद्य झाले. त्यांनी रोग्यांच्या हातांची बारकाईने पाहणी केली. एकदा गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका रोगी मुलाने किल्ली घेतली आणि एका झटक्यात फिरवली. ब्रँड यांनी पाहिले तर किल्लीने त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते, आणि मुलाला ठाऊकच नव्हते. रात्रीतून काही रोग्यांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत. पाळत ठेवली तेव्हा दिसले की उंदीर कुरतडून नेतात. झोपलेल्याला दुखेल तर तो जागा होईल ना! मग त्यांनी रोग्यांना मांजरे दिली.

ब्रँड यांनी सांगितले की रोगाने बोट आपोआप झडत नाही. दुखत नाही म्हणून ते भाजते, कापते, ठेचते. त्याच जखमेवर माणूस काम करीत राहतो, जखम कुजते, हाड झिजते, आणि बोट आखूड होत जाते. म्हणजे बोट घालवतो तो निष्काळजीपणा, आणि काळजी घेतली तर बोट राहते.

मंडळी, दुखण्याला आपण शिव्या देतो. पण दुखणे हा आपला घरचा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून आपण सावध होतो. हल्ली साखरेच्या आजारातही पायाचे तळवे बधीर होतात आणि तसेच घडते. म्हणून साखर असलेल्यांनीही हे ऐकून ठेवावे.

आपल्या महाराष्ट्राने या कामात मान खाली घालावी असेही केले आहे, आणि मान वर करावी असेही केले आहे. गावे रोग्यांना बाहेर काढीत, घरे त्यांना गोठ्यात ठेवीत. पण याच मातीत विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरे शास्त्री हा रोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांचे अंग चोळले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. 1951 साली वरोऱ्याजवळ माळरानावर बाबा आमटे आणि साधनाताई यांनी आनंदवन सुरू केले. तिथे रोग्यांनी विहिरी खणल्या, शेते पिकवली. पैनगंगा ओलांडून विदर्भात गेले की या सगळ्या जागा आहेत. फार दूर नाहीत.

आपल्या शेजारी किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींना कुष्ठ झाले होते आणि प्रभू रामचंद्रांनी बाण मारून गरम पाणी काढले, त्यात स्नान करून ते बरे झाले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. श्रद्धा आहे, स्नानाला जरूर जा. कथेतला ऋषीसुद्धा समाजाने टाकून दिलेला नव्हता, देव स्वतः त्याच्या दारी आला होता, एवढे तिच्यातून घ्या. पण मज्जातंतूच्या वेष्टनात लपलेला जंतू स्नानाने मरत नाही. त्याला गोळ्याच लागतात. आणि ज्याचे पाय बधीर आहेत त्याने कुठल्याही गरम पाण्यात आपणहून पाय घालू नये. घरातल्या दुसऱ्याला आधी हात घालून पाहायला सांगावे.

गोळ्यांचे सांगतो. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की एकच औषध न देता दोन-तीन औषधे मिळून द्यावीत. एका औषधाला जंतू चकवतो, तिघांना चकवू शकत नाही. रोग थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने. सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला रोग होण्याची भीती राहत नाही. म्हणून घर सोडायला नको, वेगळे ताट नको, वेगळी खोली नको.

कायदाही बदलला आहे. इंग्रजांच्या वेळचा 1898 चा कायदा रोग्याला धरून कोंडून ठेवायला सांगत होता. तो 2016 साली रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणाने घटस्फोट मागता येत असे. तेही 2019 साली काढून टाकले. कोणी धमकी देईल तर त्याला हे सांगा.

2005 च्या अखेरीस आपल्या देशात दर दहा हजार माणसांत एकापेक्षा कमी रोगी, इथपर्यंत मजल गेली. पण कमी म्हणजे संपला नव्हे. नवे रोगी अजून सापडतात, लेकरेही सापडतात. आणि आपल्यासारख्या डोंगरी भागात, तांड्यावर, पाड्यावर, माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत बोट वाकलेले असते. का? तर चट्टा दुखत नाही, खाजत नाही. माणूस म्हणतो, "राहू दे, पेरणी झाल्यावर बघू." बाई सासूपासून लपवते. पोरीचे लग्न मोडेल म्हणून बाप झाकून ठेवतो. झाकून ठेवलेला चट्टा औषधाने जातो. झाकून ठेवल्याने वाकलेले बोट मात्र आयुष्यभर वाकडे राहते, आणि ते झाकता येत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. कंदील असो, बल्ब असो, उजेडात एकमेकांची पाठ पाहा. आईने लेकरांची, बायकोने नवऱ्याची, सुनेने सासूची. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापसाने किंवा पेनाच्या टोकाने अगदी हळू स्पर्श करा. कळला नाही तर दुसऱ्याच दिवशी आशाताईंना सांगा, दवाखाना गाठा. सुई टोचून, विडीचा चटका देऊन पाहू नका. एवढे अडाणीपण आपण आता मागे टाकले आहे.

ज्याचे हात-पाय आधीच बधीर आहेत त्याने रोज निजण्यापूर्वी तळवे डोळ्यांनी पाहावेत. जे कातडी सांगत नाही ते डोळ्याने विचारून घ्यायचे. पाय थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवावे, मग तेल लावावे. गरम भांडे फडक्याने धरावे. विळ्याच्या, कुऱ्हाडीच्या मुठीला कापड गुंडाळावे. मऊ तळाची चप्पल घालावी, ती सरकारी दवाखान्यात मागावी. अनवाणी गड चढण्याचा नवस केला असेल तर आईची क्षमा मागून चप्पल घालून चढावे. आई लेकराच्या पायाला फोड यावेत असे कधी म्हणेल काय?

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. त्याने मला सांगायची परवानगी दिली आहे, पण नाव मी सांगणार नाही.

रोगाचे नाव कळले तेव्हा वस्तीवरच्या माणसांनी सांगितले, पोराला शाळेत बसवू नका. मी चार दिवस गप्प बसलो. ती माझी दुसरी चूक. पाचव्या दिवशी त्या आरोग्य कर्मचाऱ्याने येऊन सगळ्यांसमोर त्या मुलाच्या हातचे पाणी घेतले आणि प्याले. बोलले काही नाही. मग मलाही धीर आला. मी त्या मुलाला त्याच्या घरून घेऊन आलो आणि माझ्या टेबलाशेजारी बसवले. काही दिवस बाकीची लेकरे लांब बसली, मग विसरली. लेकरे लवकर विसरतात, मोठी माणसेच धरून ठेवतात.

त्याने सगळ्या गोळ्या घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. दोन बोटे वाकडी राहिली, पण बाकी हात वाचला. आज तो पन्नाशीचा आहे. कापूस लावतो. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळतो. त्याची मुले शिकली. घरात दुसऱ्या कोणाला रोग झाला नाही.

मागच्या दसऱ्याला सोने द्यायला तो घरी आला. मी त्याचा तो हात हातात घेतला आणि म्हणालो, "बापू, मी तुला मारलं होतं. माफ कर."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, मला तव्हा कुठं लागलं? लागलं ते तुमालाच."

मंडळी, त्याचे खरे आहे. मला ते अजून दुखते. आणि दुखते आहे म्हणूनच मी आज तुमच्यापुढे उभा राहून हे सांगतो आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात असा एखादा न दुखणारा हात असेल. त्याला शोधा. त्याला लपवू नका आणि हाकलू नका. त्याला दवाखान्यात घेऊन जा, आणि येताना त्याच्याबरोबर चहा प्या.